सागरतळाचे वैद्यक : पाणबुड्यांच्या आरोग्याची जपणूक करणारी शास्त्रशाखा

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. या किनाऱ्यावरील बंदरे, मच्छीमारी आणि मिठागरे यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. परंतु समुद्राच्या पृष्ठभागाखाली उतरून काम करणाऱ्या माणसांविषयी फारच थोडे लिहिले जाते. जहाजाच्या तळाची तपासणी करणारे, बंदराच्या धक्क्याचे खांब दुरुस्त करणारे, तेलविहिरींच्या नळवाहिन्या जोडणारे, बुडालेल्यांचा शोध घेणारे, तसेच अलीकडच्या काळात मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना प्रवाळांचे दर्शन घडविणारे पाणबुडे हे सर्व आपल्या देहावर निसर्गाने न योजिलेला भार घेऊन काम करीत असतात. या भाराचे शरीरावर होणारे परिणाम जाणणारी, त्यांपासून उद्भवणाऱ्या व्याधींवर उपचार करणारी आणि त्याच दाबाचा उपयोग करून इतर काही रोग बरे करणारी जी वैद्यकशाखा आहे, तिला निमज्जन व अतिदाब वैद्यक असे म्हणतात. ही शाखा कोणती, तिचे शिक्षण कोठे मिळते आणि आपल्या तरुणांना तिच्यात कोणता वाव आहे, याची माहिती शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

सोड्याच्या बाटलीतील धडा

आपण समुद्रसपाटीवर उभे असतो तेव्हा वातावरणाचा एक पट दाब आपल्यावर असतो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला आणखी एका वातावरणाइतक्या दाबाची भर पडते. म्हणजे तीस मीटर खोलीवर हा दाब चौपट होतो. एवढ्या खोलीवर पाणबुड्याला श्वासासाठी मिळणारी हवाही तितक्याच दाबाची असावी लागते. या हवेतील सुमारे चार पंचमांश भाग नत्रवायूचा असतो. एरवी निरुपद्रवी असलेला हा वायू वाढत्या दाबाखाली रक्तात आणि शरीरातील चरबी, स्नायू, सांधे व मज्जातंतू यांत अधिकाधिक विरघळू लागतो. पाणबुडा जितका खोल जाईल आणि जितका वेळ तेथे राहील, तितका हा साठा वाढत जातो.

पाणबुडा सावकाश वर आला, तर हा नत्रवायू फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. तो घाईने वर आला, तर मात्र गोटी सोड्याच्या बाटलीतील गोटी दाबताच जे घडते, तेच त्याच्या शरीरात घडते. दाब एकाएकी उतरतो आणि विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन बाहेर फुटतात. हे बुडबुडे सांध्यात झाले तर असह्य वेदना होतात. ते पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत किंवा मेंदूत झाले तर हातपाय लुळे पडतात, लघवी अडते, चक्कर येते, वाचा जाते आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. हीच विसंपीडन व्याधी होय.

दुसरा धोका याहूनही तडकाफडकी येतो. दहा मीटर खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापते. घाबरलेला नवशिका श्वास रोखून वर आला, तर फुप्फुसाचे नाजूक पदर फाटून हवा थेट रक्तवाहिन्यांत शिरते व मेंदूकडे जाते. म्हणूनच ‘श्वास कधीही रोखू नये’ हा पाणबुड्याच्या शिक्षणातील पहिला पाठ मानला जातो.

पुलांच्या पायातून जन्मलेले शास्त्र

नवल असे की, या व्याधीचा पहिला मोठा अनुभव समुद्रात नव्हे, तर पुलांच्या पायाभरणीत आला. नदीच्या तळाशी पाया खोदताना पाणी आत येऊ नये म्हणून दाबाची हवा भरलेल्या प्रचंड पेट्यांत मजुरांना उतरविले जाई. अमेरिकेतील सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवरील पुलाचे काम चालू असताना १८७० मध्ये अनेक कामगार या विकाराने पंगू झाले व किमान बाराजण दगावले. त्यांची देखरेख करणारे डॉक्टर जॅमिने हे स्वतः तळाशी जाऊन आले आणि अवघ्या काही मिनिटांत बाहेर पडल्यामुळे त्यांनाही पक्षाघाताचा झटका आला. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हेही याच व्याधीने जायबंदी झाले. त्यांच्या पत्नी एमिली यांनी कामावरील दुवा सांभाळला आणि १८८३ मध्ये पूल पुरा झाला.

फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्याधीचे मूळ नत्रवायूच्या बुडबुड्यांत असल्याचे सिद्ध केले. अधिक दाबाखालील प्राणवायू स्वतःच विषासमान ठरून झटके आणू शकतो, हेही त्यांनीच दाखवून दिले. १८८९-९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील बोगद्याचे काम अभियंता अर्नेस्ट मोयर यांच्याकडे आले. त्यापूर्वी तेथील पन्नासेक मजुरांपैकी महिन्याला जवळजवळ एकजण मरत असे. मोयर यांनी कामाच्या जागी पोलादी दाबकक्ष बसविला. आजारी मजुराला त्यात ठेवून पुन्हा दाब द्यावयाचा आणि मग तो अगदी सावकाश उतरवावयाचा, असा त्यांचा उपाय होता. त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत १२० मजुरांपैकी केवळ दोघे दगावले. औषधाचा थेंबही न देता साधलेला हा बदल वैद्यकाच्या इतिहासात संस्मरणीय ठरला आहे.

याला गणिताची बैठक दिली ती ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी. शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. कोणत्या खोलीवर किती मिनिटे थांबावे, हे सांगणारी आजची कोष्टके आणि पाणबुड्याच्या मनगटावरील गणकयंत्रे ही त्याच विचारांची पुढची पिढी होय.

मुंबई हाय आणि आपला संबंध

आपल्याकडे या विषयाचे महत्त्व दोन कारणांनी वाढले. पहिले कारण नौदल. बुडालेल्या पाणबुडीतून खलाशांची सुटका करणे, जहाजांची पाण्याखालील डागडुजी करणे, सुरुंग निकामी करणे ही कामे नौदलाच्या पाणबुड्यांना करावी लागतात. खोल समुद्रात अडकलेल्या पाणबुडीतील माणसांना वाचविणारे विशेष यान डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई येथे नौदलाच्या सेवेत दाखल झाले. खोल पाण्यातील कामासाठी बांधण्यात आलेले ‘निस्तार’ हे जहाज १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात सामील झाले. अशा प्रत्येक साधनामागे दाबाचे वैद्यक जाणणारा डॉक्टर उभा असावा लागतो. कारण सुटका झालेल्या खलाशाला दाबाखालून थेट मोकळ्या हवेत आणणे म्हणजे सोड्याची बाटली उघडण्यासारखेच ठरेल.

दुसरे कारण खनिज तेल. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये तेलाचा शोध लावला आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तेथील समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे तळाशी साडेआठपट दाब असतो. इतक्या दाबाखाली रोज उतरून रोज वर येणे हे वेळखाऊ व धोक्याचे असते. म्हणून खोल व दीर्घ मुदतीच्या कामात निराळी पद्धत अवलंबिली जाते. पाणबुडे जहाजावरील दाबकक्षातच कित्येक दिवस राहतात. तेथेच ते जेवतात, झोपतात आणि दाब न सोडता एका घंटाकृती पेटीतून तळाशी कामाला जातात. नत्रवायूची गुंगी टाळण्यासाठी त्यांना हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण श्वासासाठी दिले जाते, त्यामुळे त्यांचा आवाज चिरका होतो. शरीर एकदा वायूने संपृक्त झाले की मुक्काम कितीही वाढला तरी परतीचा काळ वाढत नाही. काम संपल्यावर एकदाच, काही दिवस घेऊन, दाब उतरविला जातो. या दिवसांत कक्षातील कोणाला अपेंडिक्सचा त्रास झाला, तरी दार उघडून त्याला रुग्णालयात नेता येत नाही. या एका गोष्टीवरूनच या क्षेत्रातील डॉक्टरची जबाबदारी ध्यानात यावी.

दाबकक्षातील उपचार

पाणबुड्यांसाठी निर्माण झालेल्या दाबकक्षाचा उपयोग पुढे इतर रुग्णांसाठीही होऊ लागला. त्यामागील तत्त्व सोपे आहे. एरवी आपल्या रक्तातील बहुतेक प्राणवायू तांबड्या पेशी वाहून नेतात. रक्तद्रवात तो दर १०० मिलिलिटरमागे जेमतेम ०·३ मिलिलिटर विरघळतो. तीनपट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास हे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते व विश्रांतीत असलेल्या शरीराची गरज त्यावर भागू शकते. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक बूरेमा यांनी १९६० मध्ये, तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे दाबकक्षात जिवंत ठेवून ही गोष्ट प्रयोगाने दाखविली.

कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, वायुजन्य कोथ, चिरडल्यामुळे झालेल्या काही इजा, कर्करोगावरील किरणोपचारानंतर हाडांची व ऊतींची होणारी हानी, मधुमेही रुग्णाच्या पायावरील निवडक चिवट जखमा, अचानक आलेला बहिरेपणा अशा मोजक्या विकारांत या उपचाराचा उपयोग मान्य झाला आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने हिवाळ्यात जी विषबाधा होते, तिच्यात रक्तातील विषारी वायू साध्या हवेवर अर्धा होण्यास चार-पाच तास लागतात. दाबाखालील प्राणवायूवर हे काम अर्ध्या तासाच्या आत होते. जुनाट जखमांसाठी मात्र रोज दीड-दोन तास याप्रमाणे वीस ते चाळीस बैठका घ्याव्या लागतात. त्यासोबत जखमेची स्वच्छता, साखरेचे नियंत्रण व रक्तपुरवठ्याची तपासणी यांना पर्याय नसतो.

येथे सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. स्वमग्नता, वार्धक्य, केशपतन, अर्धांगवायू अशा वाटेल त्या विकारावर ‘प्राणवायूची पेटी’ गुणकारी असल्याच्या जाहिराती अनेक देशांत होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्येच अशा दाव्यांबाबत नागरिकांना सावध केले होते. प्राणवायूने भरलेल्या कक्षात एक ठिणगीही प्रलयंकर ठरते. इटलीतील मिलान येथे १९९७ मध्ये दाबकक्षाला लागलेल्या आगीत अकरा जणांचा बळी गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अशाच दुर्घटनेत पाच वर्षांचे बालक दगावले. प्रशिक्षित माणसांवाचून हे यंत्र चालविणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

शिक्षणाची वाट

या क्षेत्रात डॉक्टर म्हणून येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन राष्ट्रीय प्रवेश परीक्षेद्वारे एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळविणे ही पहिली पायरी आहे. आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. त्यानंतर वाटा फुटतात.

पहिली वाट सैन्यदलाची. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुलामुलींना प्रवेश मिळतो व पदवीनंतर त्यांना सैन्यदलात सेवा करावी लागते. अन्य महाविद्यालयांतील पदवीधरांनाही लघुसेवा आयोगाद्वारे नौदलात डॉक्टर होता येते. मुंबईत कुलाबा येथे ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयाच्या आवारात नौदल वैद्यक संस्था आहे. सागरी वैद्यक या विषयातील एम.डी. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी या संस्थेत घेता येते व ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. प्रवेशात सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांना प्राधान्य असते. या विषयाचे देशातील प्रमुख केंद्र आपल्याच राज्यात आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांच्या कानी क्वचितच पडते.

दुसरी वाट नागरी डॉक्टरांची. भूलशास्त्र, शल्यचिकित्सा, कान-नाक-घसा, आपत्कालीन वैद्यक किंवा व्यवसायजन्य आरोग्य यांपैकी एखाद्या विषयात पाया पक्का करून, मग दाबकक्ष असलेल्या रुग्णालयात अनुभव घेणे हा अनेकांचा मार्ग आहे. परदेशातील रीतही यासारखीच आहे. अमेरिकेत मूळ विषयातील प्रशिक्षणानंतर एक वर्षाचे विशेष प्रशिक्षण असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे पदविकेसाठी दाबकक्षातील प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. युरोपात पाणबुड्यांची शारीरिक पात्रता तपासणारा डॉक्टर आणि प्रत्यक्ष उपचार करणारा डॉक्टर यांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांचे शिक्षण ठरवून दिलेले आहे.

पदवीधर डॉक्टर न होताही या क्षेत्रात स्थान मिळते. दाबकक्षाचे तंत्रज्ञ, परिचारिका, जैववैद्यकीय अभियंते यांची तेथे नित्य गरज असते. तेलक्षेत्रातील पाणबुड्यांच्या तुकडीत प्रथमोपचाराचे विशेष शिक्षण घेतलेला एक पाणबुडा असतो. डॉक्टर किनाऱ्यावरून सांगेल त्याप्रमाणे कक्षातील रुग्णावर उपचार करणे हे त्याचे काम होय. रुग्णासोबत कक्षात बसणाऱ्या परिचारिकेच्या शरीरातही नत्रवायू साठत असतो. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी तिलाही ठराविक वेळ प्राणवायू घ्यावा लागतो. तिचा कान, नाक व छाती निर्दोष असावी लागते. शिस्त, वेळेचे भान आणि आकड्यांतील अचूकता यांना येथे पर्याय नाही.

या क्षेत्राची मर्यादाही विद्यार्थ्यांपुढे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. यातील पदे थोडी आहेत. दाबकक्ष मोठ्या शहरांत व नौदलाच्या तळांवरच मुख्यतः आढळतात. केवळ याच विषयावर संपूर्ण व्यवसाय उभा राहील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दुसऱ्या एखाद्या विषयातील प्रावीण्याला याची जोड देणाऱ्यास मात्र आपले स्थान निश्चित करता येते, कारण जाणकारांची संख्याही थोडीच आहे.

किनाऱ्यावरील गावांनी काय करावे?

एक उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरील एखाद्या गावचा तरुण दिवसभरात चार-पाच वेळा समुद्रात उतरून सायंकाळी घरी परततो. खांदा दुखतो, पायाला मुंग्या येतात. घरचे म्हणतात, थकवा आहे. तेल चोळले जाते व सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. सकाळी त्याला पायावर उभे राहता येत नाही. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, परंतु गेलेली रात्र परत येत नाही. या व्याधीची लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांत व जवळजवळ नेहमी चोवीस तासांत प्रकट होतात. उपचार जितका लवकर, तितके पूर्ण बरे होण्याची आशा अधिक असते.

म्हणून पाण्यातून आल्यानंतर चोवीस तासांत उद्भवलेली कोणतीही वेगळी तक्रार ही दाबाचीच असावी असे समजून वागावे. रुग्णास आडवे निजवावे, शक्य तितका शुद्ध प्राणवायू मुखवट्याने द्यावा, शुद्धीत असल्यास पाणी पाजावे आणि ताबडतोब डॉक्टरांस कळवावे. दुखणे जिरविण्यासाठी त्याला पुन्हा पाण्यात उतरविण्याची चूक कदापि करू नये.

रुग्णास कोणत्या वाटेने न्यावयाचे, याचाही विचार कोकणात करावा लागतो. आंबोलीचा घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब आठ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. दाब घटला की बुडबुडे आणखी फुगतात. सबब घाट चढून देशावरील रुग्णालयाकडे निघण्यापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि शक्य तेथे किनाऱ्याकडील सखल मार्ग निवडावा. याच कारणास्तव पर्यटकांनीही शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानप्रवास टाळावा, असे सांगितले जाते.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायती, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि जलक्रीडा चालविणाऱ्या संस्था यांनी तीन गोष्टी हंगामापूर्वीच करून ठेवाव्यात. जवळचा चालू स्थितीतील दाबकक्ष कोठे आहे व तेथे कोणाशी संपर्क साधावयाचा, हे लिहून दर्शनी भागी लावावे. प्रत्येक होडीवर प्राणवायूचे भरलेले नळकांडे व मुखवटा असल्याची खात्री करावी. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या बुडीची खोली व वेळ यांची नोंद ठेवावी, कारण डॉक्टरच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे अर्धे निदानच होय.

शिक्षकांनी एवढेच करावे की, भौतिकशास्त्राच्या तासाला वायूंचे नियम शिकविताना पाणबुड्याचे उदाहरण वर्गापुढे ठेवावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या एखाद्या शाळेतील मुलाला वा मुलीला, आपल्या दारच्या समुद्राचे वैद्यक शिकता येते आणि ते मुंबईतच शिकता येते, हे त्यातून उमगले, तर उद्या त्या गावच्या तरुणाला रात्रभर वाट पाहावी लागणार नाही.